कोतवालाचे कान

बद्रीनाथच्या घरात फुकट राहायची सोय कुणालाच नव्हती. साबणाची चिपटी झाली की ती नव्या वडीच्या पाठीवर चिकटायची. बनियन फाटलं की त्याचं मसोतं व्हायचं, मसोतं विरलं की फरशीचं फडकं, आणि फडक्याच्याही चिंध्या झाल्या की त्या सायकलची चेन पुसायला जायच्या. तांदळाचं धुवण जास्वंदीला, भाजी धुतलेलं पाणी फरशीला आणि फरशीचं पाणी मोरीला. मुकुंदवाडीत याहून चिक्कट घर कुणाचं असेल तर त्यानं पुढं यावं, त्याला आपण शाल-श्रीफळ देऊ.

आशाबाईला काटकसरीचा जाच नव्हता. ती शेतकऱ्याच्या घरची लेक, तिच्या माहेरी ज्वारीचा दाणा सांडला तर तो वेचून घ्यायचे. तिला जाच होता तो नवऱ्याच्या एका वाक्याचा. "कामाचं नाय ते ठेवायचं नाय." मिक्सर आला त्याच आठवड्यात सासूच्या हातचा पाटा-वरवंटा बिडकीनला धाकट्या भावाच्या शेतावर गेला. पाय मोडका पलंग शेतावर गेला. गाय आटली, ती शेतावर गेली. एकदा शेतावर गेलेलं काही कधी परत आलं नाही. पाटा बांधावर पावसात पडून होता, तो आशाबाईनं डोळ्यांनी बघितला होता आणि तिथंच तोंड फिरवून रडून घेतलं होतं.

आता असल्या घरात कुत्रा शिरला कसा? झालं असं की गल्लीत ड्रेनेजचं खोदकाम चाललं होतं, तेव्हा एक तांबूस पिल्लू येऊन हौदाच्या आडोशाला बसलं. बद्रीनाथ काठी घेऊन उठला. आशाबाई त्याच्या मागं भाकरीचा कुटका टाकायची. असं हाकलणं आणि खाऊ घालणं बरोबरीनं चालू असताना एका दुपारी ते पिल्लू नळापाशी उभं राहिलं, कान टवकारले आणि भुंकायला लागलं. बद्रीनाथला वाटलं साप निघाला. तो काठी घेऊन आला, तोवर नळ फुसफुसला, खाकरला, आणि पाणी आलं.

गावात नळाला पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी यायचं आणि वेळ त्याच्या मर्जीची. बायका हातातलं काम टाकून कान देऊन बसायच्या. पाण्याच्या आधी नळातून हवा येते, तिचा आवाज माणसाला लागेपर्यंत अर्धी धार निघून जाते. या पिल्लाला तो आवाज कितीतरी आधी लागायचा. पुढच्या पाळीला तेच झालं, त्याच्या पुढच्या पाळीलाही. बद्रीनाथनं काठी कोपऱ्यात ठेवली.

"बेणं कामाचं हाय," तो म्हणाला.

गावाकडं कोतवाल दवंडी देतो, हा पाण्याची दवंडी देणारा, म्हणून गल्लीनं त्याचं नाव कोतवाल ठेवलं. त्याला जर्मनची ताटली मिळाली, ओट्यावर जागा मिळाली आणि विरलेली गोधडी मिळाली. तो भुंकला की गल्लीतल्या सगळ्या घरांतून हंडे-बादल्यांचा खणखणाट सुरू व्हायचा. शेजारची मनकर्णाबाई तर नातेवाइकांना सांगायची, आमच्याकडं पाण्याचा टाइम बघावा लागत नाय, आम्ही कोतवाल ठेवलाय.

अशी बरीच वर्षं गेली. बद्रीनाथ वाळूजच्या कारखान्यातून रिटायर झाला. उभा जन्म प्रेस शॉपमधल्या पत्रा दाबणाऱ्या मशिनींच्या धडधडाटात काढल्यामुळं त्याचे कान बसले होते. ते मात्र तो कबूल करायचा नाही. "तूच तोंडातल्या तोंडात बोलतीस," असं आशाबाईलाच सुनवायचा. ती आवाज चढवायची. मग तो म्हणायचा, "वरडती कामून?"

दिवाळीनंतरच्या एका सकाळी आशाबाईनं दुधाची पिशवी कात्रीनं कापली. एरवी कात्रीचा कच्च आवाज आला की कोतवाल झोपेतून उठून उंबऱ्याशी हजर व्हायचा, कारण पिशवी विसळलेलं पाणी त्याचं. त्या दिवशी तो हललाही नाही. तिनं कुकरचं झाकण आपटलं. काही नाही. मग ती हळूच त्याच्या मागं गेली आणि टाळी वाजवली. कोतवाल गोधडीवर निवांत, पोट वरखाली होतंय आणि कान पडलेले. 

आता हा शेतावर जाणार. तिथली कुत्री दांडगी. याचे निम्मे दात पडलेले, याला भाकरी ताकात कुस्करून द्यावी लागते. तिथं कोण कुस्करणार? ती त्याच्याजवळ बसली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. तिला त्याची फार माया होती, पण या घरात माया हे काही कारण चालत नव्हतं.

त्या दिवसापासून तिनं आपली सगळी कामं नळाजवळ आणली. तांदूळ निवडायचे तिथंच, गोधडी शिवायची तिथंच, लसूण सोलायचा तिथंच. पायाशी कोतवाल. कान नळाकडं. हवेचा पहिला सुस्कारा आला की ती अंगठ्यानं त्याच्या पाठीला हळूच ढोसायची. तो दचकून उठायचा, तिच्याकडं बघायचा, ती हनुवटीनं नळ दाखवायची. तसा तो हुशारच. चार पाळ्यांत शिकला, की बाईचा पाय लागला म्हणजे भुंकायचं.

"बघ," बद्रीनाथ कौतुकानं म्हणायचा, "म्हातारा झाला, पण ड्युटी चुकवत नाय."

"व्हय की," आशाबाई खाली मान घालून म्हणायची.

मनकर्णाबाई दुपारी कंपाउंडच्या भिंतीवरून गप्पा मारायची. "आशाबाई, हल्ली तू सारखी नळापाशीच गं? काय नळाशी सोयरीक जमवलीस काय?"

"उजेड बरा पडतो इथं. सुईत दोरा ओवायला."

"कुणासाठी शिवतीस?"

"सरूच्या नातवाचं बारसं हाय. जुन्या सुती लुगड्याचं दुपटं करतेय. लई मऊ होतं बघ." हे बोलता बोलता आशाबाईनं आखडलेला पाय लांब केला, तो नेमका कोतवालाच्या पाठीला लागला. कोतवाल उठला आणि इमानानं भुंकायला लागला. बघता बघता गल्ली हंडे घेऊन बाहेर. कुणाच्या हाताला कणीक, कुणाच्या डोक्याला साबणाचा फेस. नळ मात्र ठणठणीत कोरडा.

"काय झालं गं याला?" मनकर्णाबाई रिकामी बादली घेऊन उभी.

"मांजर दिसलं असंल," आशाबाई म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. मनकर्णाबाईला खरं सांगून टाकावं असं तिला फार वाटलं. पण त्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नव्हता.

बारशाला पैठणला जाणं भाग होतं. सरूबाई तिची सख्खी धाकटी बहीण, आणि पहिला नातू. आशाबाईनं मुद्दाम पाण्याची पाळी येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशीची एसटी पकडली. एक रात्र राहायचं आणि परत. मधल्या दोन दिवसांत पाणी आल्याचं उभ्या गल्लीच्या आठवणीत नव्हतं. निघताना तिनं कोतवालाच्या ताटलीत भाकरी कुस्करून ठेवली आणि बद्रीनाथला मोठ्यानं सांगितलं, "ताक घाला वरून!"

"वरडती कामून?" बद्रीनाथ म्हणाला.

बारसं झालं, दुपट्याचं कौतुक झालं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आशाबाई गल्लीच्या तोंडाशी उतरली, तर मनकर्णाबाई वाटच बघत होती.

"आशाबाई, काल पाणी आलं गं! पाळी नसताना. कुठं लाइनचं काम होतं म्हणं. आन तुझा कोतवाल हूं नाय की चूं नाय."

आशाबाईनं पिशवी खाली ठेवली.

"आमाला कसं कळलं सांगू? तुझ्या फाटकातून लोंढा आला रस्त्यावर! बघते तर भाऊजी ओट्यावर पेपर वाचत्यात, कोतवाल पायाशी, आन दोघांच्या मागं हौद भरून नुसता धबधबा. मी हाका मारल्या, हातवारे केले. दोघांतलं एकबी हलंना! शेवटी फाटक ढकलून भाऊजीच्या हातातला पेपर ओढला मी." ती हसत होती. मग तिचं हसू ओसरलं. "वळून बघितलं त्यांनी. बराच वेळ बघतच राहिले. मग स्वतःच फडकं घेऊन अंगण निपटत बसले."

"आन कोतवाल?"

"आज सकाळी साखळी लावून घेऊन गेले ना. रिक्षात घातलं. मी इचारलं कुठं, तर उत्तर नाय दिलं."

फाटकाला कुलूप होतं. ओट्यावर गोधडी घडी घालून ठेवलेली आणि ताटली घासून पालथी. पाट्याच्या वेळीही असंच झालं होतं, जागा आधी स्वच्छ पुसलेली. आशाबाई फाटकाबाहेरच्या पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावला. तिला राग आला नवऱ्याचा, असा की लग्नाच्या इतक्या वर्षांत आला नव्हता. आणि त्याहून जास्त स्वतःचा. एक रात्र राहिली नसती तर काय बारसं अडलं असतं? मुक्या जिवानं तिच्या पायाच्या भरवशावर म्हातारपण काढायचं ठरवलं होतं, आणि तोच पाय ती पैठणला घेऊन गेली.

उन्हं कलायला आली तेव्हा रिक्षा थांबली. आधी बद्रीनाथ उतरला, मग त्यानं दोन्ही हातांनी कोतवालाला उचलून खाली ठेवलं. कोतवाल शेपूट हलवत सरळ आशाबाईच्या मांडीत शिरला. तिनं त्याला असं घट्ट धरलं की त्याला शिंक आली.

बद्रीनाथ शेजारी पायरीवर बसला. रिक्षावर खर्च केलेला माणूस जितका खचलेला दिसावा, त्याहून जास्त दिसत होता.

"जनावराच्या दवाखान्यात गेलतो," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणला, कान गेले याचे. कधीचे गेले. इलाज नाय."

आशाबाई कोतवालाचे कान कुरवाळत राहिली.

"मी म्हणलं, आसं कसं? परवापर्यंत तर ड्युटी करत होता. डॉक्टर हसला. म्हणला, घरात कुणीतरी इशारा देत असंल." तो तिच्याकडं बघत होता. "तूच ना?"

"व्हय. पायानं."

"मला कामून सांगितलं नाय?"

"तुम्ही शेतावर पाठवलं असतं त्याला," ती म्हणाली, मोठ्यानं, कारण आता भीड चेपली होती. "कामाचं नाय ते ठेवायचं नाय, तुमचाच कायदा."

बद्रीनाथनं मान हलवली.  मग म्हणाला, "काल एवढं पाणी गेलं माझ्या मागून. माझ्या! मी थेंब सांडू दिला नाय कधी. ते रस्त्यापर्यंत गेलं आन मला ऐकू आलं नाय. तू तोंडातल्या तोंडात बोलत नाहीस, मला कळलं काल." त्यानं खिशातून कुलपाची किल्ली काढून हातात धरली. "डॉक्टरला इचारलं, माणसाचे कान कुठं बघत्यात. तो म्हणला, घाटीच्या सरकारी दवाखान्यात जा. उद्या जातो. पण नाय झालं काही तर कायद्यानं आमा दोघांनाबी शेतावर जावं लागंल. पाठवतीस?"

तो हसायचा प्रयत्न करत होता, पण त्याला खरंच उत्तर हवं होतं. एवढं तिला कळलं. 

"काहीतरीच बोलता," ती म्हणाली. "तुम्ही काय पलंग हायेत का?"

"मग कोतवालासारखं मला का नाय उठवलंस कधी? नुसतीच वरडत राहिलीस."

"आवं, तुमच्या अंगाला पाय कसा लावू मी?"

बद्रीनाथ खो खो हसत सुटला. इतका, की पलीकडून मनकर्णाबाईचं डोकं वर आलं आणि लाजून खाली गेलं. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं शर्टाच्या बाहीला पुसलं.

"हात लाव मग," तो म्हणाला. "हात तर लावता येतो."

त्यानं उठून कुलूप काढलं, गोधडी झटकून पुन्हा ओट्यावर अंथरली, आणि कोतवाल तीन गिरक्या घेऊन तिच्यावर कलंडला. बद्रीनाथ त्याच्या शेजारी टेकला. आशाबाई चहा ठेवायला आत निघाली होती, ती थांबली. मागं आली आणि तिनं नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

बद्रीनाथ ताडकन उठला. "काय? पाणी आलं?"

ती त्याच्या कानाशी वाकली.

"नाय," ती म्हणाली. "नुसताच लावला."