पगडीवरचा मांडा

आमच्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेने १९३८ साली भुसावळच्या एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात इंग्लंडातली जुनी छापील चित्रे घेतली. तिसऱ्या जॉर्ज राजाच्या काळातली. एकात मेणबत्तीवर झुकलेल्या म्हाताऱ्याचा केसांचा टोप पेटलेला, दुसऱ्यात नोकराच्या हातून सूप बाईच्या मांडीवर. आम्ही शिक्षिका पोट धरून हसलो. मी विज्ञान शिकवते. वर्गासाठी पानांची, किड्यांची चित्रे काढून हात बसलेला होता. मलाही तसे काही काढावेसे वाटले.

पुढच्याच महिन्यात जळगावात माझ्या चुलत बहिणीचे लग्न झाले. खापरावरचे मांडे करायला मेहरूणच्या भिकुबाई होत्या. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर कोपरापर्यंत फिरवून त्या धोतरासारखी पातळ करत. धुळ्याचे व्याही रुपचंदनाना ते पाहायला चुलीशी आले, आणि कच्चा मांडा निसटून थेट त्यांच्या पगडीवर पडला.

मी त्या प्रसंगाचे चित्र काढले. भिकुबाईंचे गाल फुगवले, डोळे बाहेर काढले. नानांना चित्र इतके आवडले की त्यांनी ते चौकट करून धुळ्याच्या बैठकीत लावले; येणारा-जाणारा ते पाहून हसे. त्या हंगामात ओळखीत तीन लग्ने झाली. भिकुबाईंना एकाही घरून बोलावणे आले नाही.

मांडा निसटला तो माझ्या धक्क्याने. पोळीची जाडी बघायला मी फार जवळ वाकले होते. चित्रात माझ्या जागी मी पाण्याचा हंडा काढला होता.

हे सांगायला मी मेहरूणला गेले. भिकुबाई डाळ निवडत होत्या. मी सांगितले तरी त्यांनी वर पाहिले नाही.

"तुमना धक्का लागना, हाई माले तव्हाच समजनं," त्या म्हणाल्या. "तुम्ही नवरीनी बहीण. मी काय बोलू?"

मी धुळ्याला गेले आणि नानांना पाहुण्यांदेखत खरे सांगितले. ते आधी हसले, मग भिंतीवरच्या चित्राकडे वळले.

"मास्तरीणबाई, तुम्ही चित्रात असता तर आम्हाला हसता आलं नसतं," ते म्हणाले.

त्यांनी चित्र उतरवून माझ्या हातात दिले आणि धाकट्या मुलाच्या लग्नाला भिकुबाईंनीच मांडे करावेत, असा निरोपही दिला.

तो निरोप घेऊन मी पुन्हा मेहरूणला गेले. भिकुबाईंनी मला बसायला पाट दिला, पाणी दिले. नानांचे बोलावणे त्यांनी नीट ऐकून घेतले.

"नानांना सांगा, दुसरी बाई पाहा," त्या म्हणाल्या. "आते बठ्ठा लोके माना हातकडे देखतस. मांडा उचलतांना लाज वाटस."

मी पाणी प्याले. त्या सूप पुढे ओढून डाळ निवडू लागल्या, आणि मी तिथेच बसून राहिले.