ज्युलियनच्या पत्रांचा सारांश

गंगाधर परचुऱ्यांनी माउसचं बटण सातव्यांदा दाबलं आणि पडदा पुन्हा पांढराफटक पडला. प्रोग्रॅम प्रतिसाद देत नाही, अशी इंग्रजी पाटी वर उमटली. ती आता त्यांना पाठ झाली होती.

"अंकल, दाबू नका," क्लेअर म्हणाली. "जेवढं दाबाल तेवढा तो जास्त अडकतो."

"मागच्या वेळी असंच केल्यावर चालू झाला होता."

"मागच्या वेळी म्हणजे कधी?"

गंगाधरांनी छताकडे पाहून आठवलं. "झाली असतील आठ-नऊ वर्षं."

क्लेअरने खुर्ची पुढे ओढली आणि माउस त्यांच्या हातून काढून घेतला. ती समोरच्या बिऱ्हाडातल्या विल्माबाईंची नात, मुलीची मुलगी. परळच्या एका ऑफिसात लोकांचे अडलेले कॉम्प्युटर सोडवायचे हेच तिचं काम. आज शनिवार, सुट्टीचा दिवस, तरी ती फणसवाडीत येऊन तेच करत बसली होती. आजीने तसा हुकूमच काढला होता.

उद्या चर्चमध्ये ज्युलियनच्या वर्षाची मिसा, म्हणजे त्याच्यासाठीची प्रार्थना होती. ज्युलियन म्हणजे विल्माबाईंचा एकुलता एक मुलगा. मस्कतला एसी दुरुस्त करायला म्हणून गेला, तेवीस वर्षं राहिला आणि गेल्या वर्षी तिथेच झोपेत गेला. लग्न नाही, मूलबाळ नाही. मागे उरली होती ती त्याची पत्रं, आणि तीही या बंद पडलेल्या डब्यात. वाडीत पहिला कॉम्प्युटर परचुऱ्यांकडे आला, म्हणून ज्युलियन त्यांच्या पत्त्यावर ई-मेल पाठवायचा. विल्माबाईंचं शिक्षण मराठी शाळेत चौथीपर्यंत. ज्युलियनचं इंग्रजी पत्र आलं की गंगाधर त्यांना बोलवायचे आणि मराठीत सांगायचे. त्या उत्तर सांगायच्या, गंगाधर ते इंग्रजीत टाइप करायचे. सहा वर्षं त्यांनी हे काम एक पैसा न घेता, एक दिवस न कंटाळता केलं. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्यांनी फारसा लपवलाही नव्हता.

"फोन नव्हते का तेव्हा?" क्लेअरने विचारलं.

"होते की. पण महाग. आणि फोनवर ती दोघं सारखीच. ऐकू येतंय का, ऐकू येतंय का, यातच मिनिटं संपायची."

क्लेअरने अडकलेला प्रोग्रॅम आधी जबरदस्तीने बंद केला. मग तो साध्या रूपात, जादा काही न जोडता उघडून पाहिला. पुन्हा पांढरा पडदा. तेव्हा तिने मेल साठवणारी मूळ फाईल शोधून काढली, तिचा आकार पाहून शीळ घातली आणि सगळ्यात आधी तिची एक प्रत आपल्या पेनड्राइव्हवर घेतली.

"सर्व्हरवर काहीच नाही. तुम्ही मेल उतरवून घेतल्यावर तिकडचे पुसायची सेटिंग ठेवलीत."

"नीटनेटकं असावं म्हणून," गंगाधर म्हणाले.

"म्हणजे जे आहे ते एवढंच. ही फाईल गेली तर गेलं."

दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालू झाला. आठ टप्पे होते. पहिल्याच टप्प्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकायला लागली. मृणालिनीबाई चहा घेऊन आल्या.

"विल्मा दोनदा येऊन गेली दारापर्यंत," त्या म्हणाल्या. "तशी म्हणते, त्यात काय असणार, पगार आणि उकाडा. पण त्याच्या हातचं आहे ना."

"ग्रॅनी नेहमी म्हणते, ज्युलियनमामा रेशन ऑफिसला लिहिल्यासारखं लिहायचा."

"तो काय, हे काय!" मृणालिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "लग्न ठरल्यावर यांनी मला पत्र पाठवलं होतं. अडीच ओळींचं. त्यातली अर्धी ओळ तारीख."

गंगाधर हसले. त्यांना यात चेष्टेसारखं काही वाटत नसे. गोदीच्या कचेरीत आवक-जावक विभागात त्यांची चौतीस वर्षं गेली. चार पानी अर्ज यायचा, रडगाण्यांनी भरलेला, आणि ते त्याच्यावर तीन ओळींची टिपणी लावून साहेबांपुढे ठेवायचे. साहेब फक्त टिपणी वाचत. सारांश काढावा तर परचुऱ्यांनी, असं सगळी कचेरी म्हणायची. आठव्या टप्प्याची पट्टी भरली तेव्हा ते याच आठवणीत रमलेले होते.

प्रोग्रॅम उघडला. डाव्या बाजूला फोल्डर ओळीने आले: वीज मंडळ, पेन्शन, विल्माबाई. क्लेअरने शेवटचं उघडलं. पत्रं भराभर खाली उतरत गेली.

"आलं सगळं!" गंगाधरांनी टेबलावर थाप मारली. "बघ, एक कागद हरवलेला नाही."

क्लेअर वाचत होती. एक पत्र वाचून झालं, दुसरं उघडलं, तेही संपलं. मग तिने खुर्ची थोडी मागे घेतली, म्हणजे त्यांना पडदा दिसावा.

"अंकल, हे तुम्ही ग्रॅनीला वाचून दाखवलं होतं?"

नोव्हेंबर दोन हजार सहाचं पत्र होतं. गंगाधरांनी चष्मा पुसून वाचायला घेतलं. पहिल्या परिच्छेदानंतर त्यांचा वेग मंदावला. मग ते एकेका ओळीवर थांबू लागले.

आठवत होतं त्यांना. विल्माबाई इथे, या टेबलाशी बसलेल्या, पदर सावरून, जणू डॉक्टरकडे आल्यात. आत मृणालिनी भाजी चिरतेय. आणि पत्रात हे असलं लिहिलेलं: मला रडू येतं, तुला खूप मुके. शेजारच्या बाईला आपण ते कसं म्हणून दाखवायचं? त्यांना लाज वाटली होती, दुसरं काही नाही. मग कचेरीची सवय मदतीला आली. मुद्द्याचं तेवढं सांगितलं. त्या दिवशी, आणि त्याआधीही दर वेळी.

"मुद्दाम नाही केलं गं," ते म्हणाले. "मला वाटलं, सारांश तर तोच..."

क्लेअरने त्यांना दोष दिला नाही, धीरही दिला नाही. ती नुसती वाट बघत होती. उघडलं नाही, सगळं पुसलं गेलं, असं विल्माबाईंना सांगणं फार सोपं होतं. सकाळपासून ते यंत्र स्वतःच तसं सांगत होतं आणि वाडीत कुणीही त्यावर विश्वास ठेवला असता. गंगाधरांच्या मनात ते येऊन गेलं. आलं याचीच त्यांना जास्त शरम वाटली.

"बोलव त्यांना," ते म्हणाले.

विल्माबाई चौऱ्याऐंशीच्या होत्या, पण बोलावल्याबरोबर आल्या. टेबलाशी बसल्या. पदर सावरला.

"मिळालं?"

"मिळालं. विल्माबाई, हे पत्र मी तुम्हाला एकदा सांगितलंय. आज सगळं वाचतो."

त्यांनी वाचलं, इंग्रजीतून मराठीत करत, अडखळत. 'मम्मी, आज तुझा वाढदिवस. मी इथे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला रडू आलं असतं. तू दिलेला बॉटल मसाला संपला. बाटली मी धुतली नाही. रात्री झाकण उघडलं की आपलं स्वयंपाकघर येतं. रजा मिळत नाही. मिळाली तरी पंधरा दिवसांनी परत निघायचं, ते आता मला सोसत नाही. तू फक्त एकदा लिही की ये. मग मी कुणाला विचारणार नाही, सगळं टाकून येईन. माझं तुला ओझं होणार असेल तर नको लिहू. मी वाट बघतो. तुला खूप खूप मुके.'

मुके हा शब्दही त्यांनी गाळला नाही.

विल्माबाई पडद्याकडे पाहत होत्या. त्यावरचं एक अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं.

"तू मला सांगितलंस, तब्येत बरी हाय, रजा मिळत नाय, मसाला संपला."

"हो."

"मी दोन बाटल्या पाठवल्या. मस्कतला जाणाऱ्या आल्विनच्या हाती."

"हो."

"आणि मी सांगितलं होतं तुला, त्याला लिव, रजेला आग लाव आणि ये. इथंच बसून सांगितलं होतं. आठवतंय ना तुला?"

"आठवतंय."

"मंग तू काय लिवलंस?"

गंगाधरांनी पाठवलेल्या पत्रांचं फोल्डर उघडलं. क्लेअरने तारीख शोधून दिली. आईचं मन आहे, रागाच्या भरात बोलली, पोराची नोकरी जायला नको, असा काहीतरी शहाणा विचार त्यांनी त्या दिवशी केला होता. उत्तर दोन ओळींचं होतं. त्यांनी ते पूर्ण वाचलं.

"'तुझं पत्र मिळालं, मजकुराची नोंद घेतली. आईची तब्येत ठीक आहे, मसाला पाठवत आहोत.'"

आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला आणि थांबला. मृणालिनीबाई दारात येऊन उभ्या होत्या.

"याच्या पुढचं काढ," विल्माबाई नातीला म्हणाल्या.

क्लेअरने यादी खाली नेली. "पुढची सगळी छोटी आहेत, ग्रॅनी. दोन-दोन ओळींची."

"कसली?"

"तब्येत बरी आहे. उकाडा आहे."

विल्माबाईंनी मान हलवली, जणू हे त्यांना ठाऊकच होतं. मग म्हणाल्या, "आणि अगोदरची? मोठी किती हायत?"

"एकशे बारा."

"मंग पहिल्यापासून काढ."

गंगाधरांनी चष्मा नीट केला आणि पडद्याकडे वळले.

"तू नको, गंगाधर," विल्माबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "क्लेअर वाचेल."

गंगाधर उठले. क्लेअर त्यांच्या खुर्चीत बसली आणि तिने पहिलं पत्र उघडलं. ते भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांच्याच घरात त्यांना कुणी बसा म्हटलं नाही आणि त्यांनीही खुर्ची शोधली नाही. मिसा दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची होती. एकशे बारा पत्रं होती, आणि क्लेअर एकही ओळ न सोडता सावकाश वाचत होती.