माझ्या तोंडावरचं मीठ

मी एक जुनी छत्री आहे. पावसातली नव्हे, मित्रांनो, छपरावरची, टीव्हीची. सहा फूट रुंद, अॅल्युमिनियमची. रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावात, मुसाभाईंच्या स्लॅबवर मी पंचवीसहून जास्त वर्षं उभी आहे.

मुसाभाई तेव्हापासून आजवर कुवेतला नोकरीला आहेत. तिथे ते जे चॅनल बघत, तेच घरच्यांनाही बघता यावं म्हणून त्यांनी मला बसवलं. बातम्या लागल्या की त्यांची आई, हफीजाबी, पडद्याकडे बोट दाखवून म्हणायची, ‘आता मुसा पण ह्येच बघतोय.’ तेव्हा गावात माझा काय रुबाब होता! मॅचच्या दिवशी अर्धा मोहल्ला आमच्या घरात असे. पुढे ताटाएवढ्या छोट्या छत्र्या आल्या आणि माझी वायर कोणीतरी गुंडाळून ठेवली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

हफीजाबीने मात्र मला रिकामं बसू दिलं नाही. माझ्यासमोर एका दांड्यावर डबीएवढा कान आहे. आकाशातून जे येतं ते मी गोळा करते आणि तो ऐकतो. त्या दांड्याला ती खारवलेल्या बांगड्यांच्या माळा टांगू लागली. ऊन छान, वारा छान, मांजर पोचत नाही. पंधरा वर्षं मी बांगडे वाळवले.

मग गेल्या वर्षी मुसाभाईंची मुलगी उझमा माझ्याकडे आली. ती देवरूखच्या कॉलेजात फिजिक्स शिकते. तिने माळा उतरवल्या, वायर जोडली, एक छोटं मीटर लावलं आणि दादीला समजावून सांगितलं. विश्व अगदी लहान वयाचं आणि तापलेलं होतं, तेव्हाचा उजेड अजून सगळ्या बाजूंनी येतो आहे. जवळजवळ चौदा अब्ज वर्षांत तो इतका थंडावला की डोळ्यांना दिसत नाही, पण छत्रीला थोडासा ऐकू येतो. तो सगळीकडे सारखा आहे, फरक असलाच तर लाखात एक. त्या बारीक फरकांतूनच पुढे तारे आणि दीर्घिका जमल्या. एक जागा तर अपेक्षेपेक्षा जास्त थंड आहे. ती तशी का, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. कोणी म्हणतं निव्वळ योगायोग, कोणी म्हणतं वाटेत मोठी पोकळी लागली असेल. मापण्यातली चूक असेल का, हेही त्यांनी दोन वेगळ्या उपग्रहांकडून तपासून घेतलं.

तिच्या मृणाली मॅडमनी आधीच बजावलं होतं की लाखातला एक फरक या छत्रीला कळणार नाही, सगळीकडे सारखं ऐकू आलं तरी पुष्कळ झालं.

उझमा रोज कॉलेजातून येऊन पाच वाजता सुरुवात करी. दक्षिणेला उपग्रहांची गर्दी, म्हणून ती बाजू सोडलेली. आधी ती मला पूर्वेकडे वळवी, मग ईशान्येकडे आणि सातच्या सुमारास उत्तरेकडे. आठवडाभर रोज उत्तरेलाच मीटर चढलं. तिने मॅडमना कळवलं, उत्तरेला आकाशात जास्त आवाजाचा डाग आहे. शनिवारी कॉलेजसमोर बोलायचं ठरलं. एवढा मोठा फरक कसा, असं मॅडमनी विचारलंही, पण पोरीचे पाय जमिनीवर नव्हते. कुवेतला फोन गेला, मुसाभाईंनी सोबतच्या साऱ्यांना सांगितलं.

मला मात्र कारण ठाऊक होतं. पंधरा वर्षांचं खारं पाणी माझ्या कानाच्या टोपणावर ठिबकून वाळलं होतं. दिवसा ते गप्प असे. सांजेला खाडीवरून वारा आला की ओलं होई आणि माझ्या कानात खरखर वाढे. ही मुलगी चार लोकांत तोंडघशी पडणार हे मला दिसत होतं, आणि मला बोलता येत नव्हतं. इतकी लाचार मी भंगारात जायच्या भीतीनेही झाले नव्हते.

गुरुवारी हफीजाबी माळा परत कधी लावू हे विचारायला वर आली. नातीचं काम बघता बघता तिने सहज टोपणाला हात लावला आणि बोट चाटलं.

“अगो, हितं मीठ हाय,” ती म्हणाली. “सांजच्याला बरणीतल्या मिठाला पाणी सुटता, तर ह्याला सुटणार नाय?”

उझमाने वही उघडून मोजण्याच्या वेळा पाहिल्या, उत्तर रोज सांजेलाच होती. दुसऱ्या दिवशी तिने उलट क्रम लावला, आधी उत्तर आणि शेवटी पूर्व. डाग पूर्वेला गेला. मग तिने टोपण गोड्या पाण्याने धुतलं, पुसलं आणि रात्री नऊपर्यंत पुन्हा सगळं मोजलं. डाग कुठेच नव्हता. ती माझ्या खांबाला टेकून बसली आणि रडली.

मग डोळे पुसून तिने फोन लावला. “मॅडम, डाग आकाशात नाही. आमच्या बांगड्यांचा आहे.”

पलीकडून मॅडम काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. पण शनिवारी उझमा बोलली, आणि बोलली ती मिठावरच. मुलं हसली म्हणे, मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तिला क्रम का उलटा केलास ते पुन्हा एकदा सगळ्यांना सांगायला लावलं.

मित्रांनो, माझ्या खरखरीत बराचसा आवाज माझ्याच कानाचा आहे, थोडा हवेचा आणि अगदी थोडा त्या जुन्या उजेडाचा. तो थोडासा ऐकायचा असेल, तर आमची निगा राखा आणि आकाशाला नावं ठेवण्याआधी आमचं तोंड पुसा.

बांगडे आता मागच्या दोरीवर वाळतात. सांजेला हफीजाबी ओलं फडकं घेऊन वर येते, माझं टोपण पुसते आणि नातीला विचारते, आज वर काय?

“सगळीकडे सारखंच, दादी,” उझमा सांगते.

“कुवेतला पण?”

“कुवेतला पण.”