उजव्या डोळ्यामागची उमेदवार पेशी

मी एक जुनी पेशी आहे, पण आयुष्याचा बराच काळ नुसती उमेदवारच राहिले. दुबईत अल मनखूलला राहणाऱ्या मुग्धाताईंच्या उजव्या डोळ्यामागची नस हे माझं घर.

मित्रांनो, डोळ्याला दिसलेलं मेंदूकडे नेणारे बारीक तंतू या नसेत असतात. वायरीला प्लास्टिकचं असतं तसं त्यांना मायलिनचं वेष्टण लागतं. ते गुंडाळणाऱ्या पेशी माझ्या बहिणी. ताई लहान असतानाच त्यांच्यातली नेमकी जनुकं जागी झाली आणि त्या कामाला लागल्या. माझ्यात मात्र ‘थांब’ म्हणणाऱ्या जनुकांचा जोर होता. बहिणींचं कौतुकसुद्धा कुणी केलं नाही, मग माझ्यासारख्या राखीव पेशीचं कोण करणार?

गेल्या उन्हाळ्यात ताईंच्या शरीरातल्या रक्षक पेशींचीच गफलत झाली. वेष्टणाला शत्रू समजून त्यांनी ते कुरतडलं. त्यात माझ्या बहिणी गेल्या, याचं मला फार वाईट वाटतं. ताईंचा डोळा फिरवताना दुखू लागला, त्या डोळ्याने धुरकट दिसू लागलं. बस स्टॉपवरून उन्हातून घरी येईपर्यंत तर समोरच्या पाट्याही पुसट व्हायच्या.

इथल्या मराठी घरांची एक रीत आहे. दुखणं सुटीपर्यंत जपून ठेवायचं आणि पुण्याच्या डॉक्टरांना दाखवायचं. ताईंचे यजमान सुजीत म्हणाले, उन्हाचा त्रास आहे, चष्मा बदल. ताईंनी चष्मा बदलला आणि गणपतीची तिकिटं काढली. इकडे उघडे पडलेले तंतू वाळू लागले होते. डोळा राहतो की जातो, असा प्रश्न होता.

एका दुपारी ताई लेकीचा, इशिताचा परकर शिवायला बसल्या. सुईत दोरा ओवताना त्यांनी डावा डोळा मिटला आणि तपकिरी दोरा का दिलास, म्हणून लेकीला विचारलं.

“ममा, धिस इज रेड,” इशिता म्हणाली.

ताईंनी डावा डोळा उघडला तर दोरा लाल, पुन्हा मिटला तर तपकिरी. मग सुजीतना म्हणाल्या, “पुण्याचं राहू दे. आजच दाखवू या. मला भीती वाटतेय.”

“चुकलंच माझं,” सुजीत म्हणाले. “यल्ला, चल.”

इथल्याच डॉक्टरांनी ताईंना दाखल करून घेतलं आणि सलाइनमधून औषध दिलं. हल्ला शमला. मग हळूहळू माझ्यातली ‘थांब’वाली जनुकं गप्प झाली आणि गुंडाळायला लावणारी जागी झाली. एकदा या कामाला लागलं की पुन्हा उमेदवार होता येत नाही. मी जवळचे उघडे तंतू धरले आणि त्यांना वेष्टण घातलं. ते पहिल्यापेक्षा पातळच झालं. शेजारचे वाळून गेलेले तंतू मात्र मला वाचवता आले नाहीत.

मित्रांनो, थांबून राहणं माझ्या जनुकांनी ठरवलं होतं. ताईंना तसं कुणीच सांगितलं नव्हतं. तुमच्या घरी कुणी दुखणं सुटीसाठी राखून ठेवत असेल, तर त्यांना हाताला धरून घेऊन जा.

हल्ली सकाळी इशिता तोच दोरा आईसमोर धरते आणि विचारते, “कलर?”

ताई डावा डोळा मिटतात. “लाल,” त्या म्हणतात. “जरा फिका, पण लाल.”