मागच्या दाराची खोली

विद्यापीठाच्या नव्या इमारतीत खाली कॅन्टीन आणि वर मुलांना बसायला, वाचायला, उगाच रेंगाळायला जागा असणार होती. आर्किटेक्ट संजनाने ती इमारत लाल विटांची आखली, गिलावा न करता. उन्हाने तापलेली वीट दिसली की माणसाला पाठ टेकावीशी वाटते, असं तिचं म्हणणं. मुलं टेकली पाहिजेत, एवढाच तिचा हट्ट होता.

त्यातली एक खोली मात्र तिने कुणी न सांगता काढली होती, घरून डबा आणणाऱ्यांसाठी. संजना खाडीकाठच्या शेतकरी घरातली. आई डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट द्यायची. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात कुणीतरी नाक दाबलं आणि पुढची पाच वर्षं ती जिन्याखाली बसून एकटी जेवली. हे तिने घरी कुणाला कळू दिलं नव्हतं.

म्हणून या खोलीत तिने जीव ओतला. वेगळं बेसिन, वास ओढून घेणारा मोठा पंखा आणि मागच्या बाजूने स्वतंत्र दार. कुलसचिव केनी सर बेहद्द खूश झाले. "वासाच्या तक्रारी एकदाच्या मिटल्या," ते म्हणाले. तेव्हाच तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकायला हवी होती. पण स्तुती ऐकताना कुणाचं डोकं ठिकाणावर असतं?

भिंती पुऱ्या झाल्या तेव्हा विद्यार्थी प्रतिनिधी इमारत बघायला आले. त्यांत पाचूबंदरची बेला होती. तिची आई मासळी विकते. बेला त्या खोलीत शिरली आणि पंख्यासाठी सोडलेल्या भोकाकडे बघत राहिली.

"मॅडम, हिचं दार मागून का?"

"तुम्हाला निवांत जेवता यावं म्हणून."

"सध्या आम्ही जुन्या इमारतीत गच्चीच्या जिन्यात लपून जेवतो," बेला शांतपणे म्हणाली. "कोनाला माहीत नसतं. इथे बसलो की सगळ्यांना कळेल, हे कोन ते."

संजनाला आधी रागच आला. एवढं करायचं आणि वर हे ऐकून घ्यायचं? मग तिने ते दार नीट पाहिलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. ज्या जिन्याखाली तिने दिवस काढले, तोच तिने या मुलांसाठी पक्क्या विटांत बांधला होता.

ती तडक केनी सरांकडे गेली. "डब्याची खोली आणि कॅन्टीन यांच्या मधली भिंत उतरवायची आहे, सर. मागचं दार बुजवायचं. सगळे एकाच जागी बसतील."

"खोली तुम्हीच तर काढलीत. आणि तक्रारी परत सुरू झाल्या म्हणजे? मुलांना वासाची काय सवय होणार?"

"वासाची होते, सर. एकटं जेवायची होत नाही." "मी पाच वर्षं जिन्याखाली जेवले, सुकटीचा डबा घेऊन. मला तिथे बसवलं ते वर्गातल्या मुलांनी. इथे त्यांचं काम मी केलं."

केनी सरांनी नकाशा तिच्याकडे सरकवला. तिने उभ्यानेच त्यावरची भिंत खोडली.

दुसऱ्या दिवशी शत्रुघ्न गवंड्याने वरच्या थरापासून भिंत सोडवायला घेतली. वीट शाबूत निघत होती.

"मॅडम, या विटा कुठे टाकू?" त्याने विचारलं.

"टाकू नका," संजना म्हणाली. "मागचं दार त्यांनीच बुजवा."