लेकीच्या हातात झाडू

एकाहत्तराव्या वर्षी मी कामाला लागले, असं माझा मुलगा हेमराज नातेवाइकांना सांगतो, आणि सांगताना असा चेहरा करतो की जणू मी पळूनच गेले होते.

झालं ते इतकंच. माझी नात दीपाली हिनं मला फोनवर दाखवलं की जंगलाच्या कडेला राहायच्या काही जागा असतात. तिथं रोज चार तास काम करायचं, आणि त्यांनी आपल्याला खोली द्यायची, दोन वेळ जेवू घालायचं. अशी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कामं करत मुलं देश पाहतात. मी तेहतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत नर्स होते. गडचिरोलीचे अर्धे रस्ते माझ्या पायाखालून गेलेत, पण ते लशींचा डबा सांभाळत. नुसतं जंगल बघायला म्हणून मी कधी गेलेच नव्हते. म्हटलं, सिंदेवाहीकडून सुरुवात करू, मग हेमलकसा, मग पार सिरोंचा.

हेमराजचं मत होतं की मी नागपूरला त्याच्या चौथ्या मजल्यावर स्वस्थ राहावं. तिथं लिफ्ट आहे, असं तो दर वेळी सांगतो. लिफ्ट वर नेते हे खरं, पण वर जाऊन करायचं काय, हे ती सांगत नाही. शेवटी आमचं ठरलं. पहिल्या ठिकाणी मी पंधरा दिवस टिकले, तर पुढं तो एक शब्द बोलणार नाही. त्याआधी परत पाठवलं, तर मी मुकाट चौथा मजला गाठायचा.

जागेचं नाव होतं ‘रानओटा’. पत्त्यात फक्त तालुका आणि फाटा. एसटीतून उतरले, तलावाच्या पाळीवर चढले आणि तिथंच उभी राहिले. ही पाळ माझी होती. ह्याच पाण्यात उपडी घागर पोटाशी धरून मी पोहायला शिकले होते. पलीकडे बोडीटोला, माझं माहेर. भाऊ शेत विकून बल्लारपूरला गेला, त्याला एकतीस वर्षं झाली; त्यानंतर मी इकडं फिरकले नव्हते. जिथं आम्ही म्हशी चारायचो, त्या पडीत जागेवर आता ‘रानओट्या’च्या सहा कौलारू झोपड्या होत्या आणि दारात इंग्रजी पाटी.

जागेची मालकीण हर्षा नागपूरची, पस्तिशीची, आधी कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. मुलगी सरळ, पण नियमांची. माझ्या आधी पुण्याहून एक जण आला होता. तो नऊ दिवस आंब्याखाली बसून बासरी वाजवत होता आणि तेच आपलं काम आहे म्हणत होता. तेव्हापासून तिनं तीन दिवसांची परीक्षा ठेवली होती. तीन दिवसांत काम दिसलं तर राहा, नाहीतर चौथ्या दिवशी दुपारची एसटी. मला तो नियम आवडला. कामाची मला कधी भीती वाटली नाही.

पहिल्या दिवशी तिनं मला रोपांच्या पिशव्यांत माती भरायला बसवलं. तिसरी पिशवी भरत होते तोच बागेचं काम बघणारा माणूस समोर येऊन थांबला. साठीचा, कमरेला टॉवेल. बराच वेळ माझ्याकडं बघून तो म्हणाला, “बाई, तू शेवंताबाई ना?”

तो पत्रू होता, गावातल्या गिरजाबाईचा धाकटा मुलगा. त्याला मी कडेवर घेऊन पाळीवर फिरवलेलं. त्याला रडू आलं, मलाही आलं, आणि डोळे पुसेपर्यंत त्यानं माझ्या हातातली खुरपी काढून घेतली होती. ती पुन्हा माझ्या हाती आली नाही.

आमच्याकडं लेक माहेरी आली की तिनं काडी उचलायची नसते. आणि लेक काही एका घराची नसते, सगळ्या गावाची असते. लेकीच्या हातात झाडू दिसला तर शेजारचं गाव म्हणणार, बोडीटोल्यावर काय वेळ आली. पत्रूनं ही बातमी स्वयंपाकघरात नेली. तिथं कुंता होती, तलावावर मासे धरणाऱ्या घरातली सून, नात्यानं मी तिच्या नवऱ्याची आत्या. तिनं आधी माझे पाय धुतले, मग मला खुर्चीवर बसवलं आणि वांगे-झिंग्यांची भाजी समोर ठेवली. मी तिला समजावलं की मी माहेरी आलेली नाही, कामावर आले आहे. कुंता म्हणाली, “आत्याबाई, माहेर का अर्ज करून लागते?”

दुसऱ्या दिवशी मी पहाटे पाचला उठून गुपचूप अंगण झाडायला घेतलं. निम्मं झालं तेवढ्यात कुंता आली. तिनं झाडू घेतला आणि मी झाडलेला भाग पुन्हा झाडला, तो माझ्या हातचा राहू नये म्हणून. तिसऱ्या दिवशी ती चारलाच येऊन बसली होती. तोवर गावभर कळलं होतं. झोपडीची भिंत सारवायचं काम माझ्याकडं आलं, तर गावातून पाच बाया शेणमाती घेऊन हजर झाल्या. मी भिंतीला हात लावायला गेले की कोणीतरी त्या हातात चहाचा कप द्यायची. दुपारपर्यंत एकाऐवजी तीन झोपड्या सारवून झाल्या आणि माझे सहा कप चहा झाले.

संध्याकाळी हर्षा माझ्यासमोर येऊन बसली. ती रागावली नव्हती, हेच वाईट होतं. तिचं म्हणणं असं की तीन दिवसांत तिच्याकडं कधी नव्हतं इतकं काम झालं, पण त्यातलं माझं एकही नाही. बासरीवाल्याला तिनं घालवलं आणि मला ठेवलं, तर पुढच्याला कोणत्या तोंडानं नियम सांगायचा? उद्या बाराची एसटी आहे, असं ती हळूच म्हणाली. मी म्हटलं, बरोबर आहे. माझ्या डोळ्यांपुढं लिफ्टचं दार उघडत होतं.

सकाळी मी पिशवी भरून ओट्यावर आले, तर पत्रूची आई गिरजाबाई काठी टेकत आलेल्या. वय चौऱ्याऐंशी, डोळे अजून मण्यांसारखे. लेकीला निरोप द्यायला अर्धा टोला त्यांच्या मागं होता. कुंता डोळ्यांना पदर लावून उभी होती. मी मनात म्हटलं, बायांनो, तुमच्याच मायेनं मला घालवलं. आणि गिरजाबाईंच्या पाया पडायला वाकले तेव्हा एकदम सुचलं. माझ्या सासूबाईही ह्याच गावच्या. त्यांनीच आपल्या माहेरची मुलगी म्हणून मला सून करून घेतलं होतं. गिरजाबाई त्यांची धाकटी भावजय. पण मी इथं जन्मलेली, त्यामुळं ते दुसरं नातं साठ माणसांच्या गावात कोणी कधी वापरलंच नाही.

मी वाकलेलीच विचारलं, “मामी, मी तुमची कोण लागते?”

“तू? लेक गावाची.”

“आणि तुमच्या भाच्याची बायको?”

म्हातारीनं बोटांवर नातं मोजलं. मग तिच्या चेहऱ्यावर जे पसरलं, त्याला समाधान म्हणतात. गेली कित्येक वर्षं तिच्या हाताखाली सून नव्हती. तिच्या दोन्ही सुना वेगळ्या राहत होत्या.

“भाचसून,” ती म्हणाली. “अन् भाचसून मामेसासऱ्याच्या गावात उघड्या डोक्यानं उभी हाये. पदर घे. झाडू कुठी हाये?”

कुंतानं विरोध करून पाहिला, की लेकीचं नातं आधीचं. त्यावर ओट्यावर चांगला अर्धा तास वाद झाला. पत्रूला कळेना की आपण आता भाऊ की दीर. गिरजाबाईंनी निकाल दिला, “लेक असन ते जन्मली तवा. लगन झाल्यावर सासर मोठं. पत्रू, वहिनीले टोपली दे.”

पत्रूनं टोपली दिली. “घे बाई,” म्हणाला, मोठ्या बहिणीला म्हणतात तसं, मग “घे वहिनी” म्हणाला, मग जोरात खोकला आणि बागेत निघून गेला.

हर्षा हे सगळं दारातून बघत होती. तिला किती कळलं माहीत नाही, पण बारा वाजता एसटी फाट्यावरून गेली तेव्हा मी शेणानं माखलेल्या हातांनी चौथी झोपडी सारवत होते. कोणी चहा आणला नाही.

पुढचे दिवस माझ्या सासूबाई हयात असतानाही गेले नाहीत असे गेले. गिरजाबाई रोज सकाळी येऊन माझ्याच खुर्चीवर बसत. सारवण जाड झालं. पिशवीत माती सैल भरली. लाखोळीच्या डाळीत खडा राहिला. चार तासांचा नियम त्यांना सांगून पाहिला, तर म्हणाल्या, सून का घड्याळ पाहून काम करते? हर्षाला मात्र एका खोलीच्या बदल्यात एक कामाची बाई आणि एक मुकादम मिळाली होती. मी दमत होते आणि इतकी खूश होते की ते लपवायला पदर उपयोगी पडला.

पंधराव्या दिवशी हर्षानं हेमलकशाजवळच्या तसल्याच एका जागेसाठी मला चिठ्ठी लिहून दिली. त्यात मी मेहनती आहे असं होतं. त्या चिठ्ठीचा फोटो मी हेमराजला पाठवला. त्यानं ठरल्याप्रमाणे एक शब्दही न लिहिता नुसता अंगठा पाठवला.

पिशवी घेऊन ओट्यावर आले, तर गिरजाबाई खुर्चीवरून हलल्या नाहीत.

“कुठी निघाली?”

मी पुढच्या गावाचं सांगितलं.

“सून अशी निघते का? धान चुरायचं बाकी हाये. माहेरून न्याले कोणी आलं असन तं सांग, नाईतं ठेव ते पिशवी.”

मळणी खरंच राहिली होती; त्या थट्टा करत नव्हत्या. बरं, नियम त्यांचा बरोबर होता आणि तो मीच चालू केला होता. मी पिशवी खाली ठेवली. बल्लारपूरच्या भावाला फोन लावावा, तर त्याचे गुडघे गेलेले. हेमराजला बोलवावं, तर तो मला थेट लिफ्टमध्येच उभं करणार.

तेवढ्यात कुंता स्वयंपाकघरातून निघाली. वीस पावलांचं अंगण. पण तिनं पायांत चपला घातल्या होत्या, डोक्यावर नीट पदर घेतला होता आणि हातात गडवाभर पाणी होतं. ओट्याशी येऊन तिनं गिरजाबाईंना वाकून नमस्कार केला, प्रवासातून आलेलं माणूस बसतं तशी पायरीवर टेकली आणि कपाळावरचा घाम पुसला.

“आजी, आमच्या लेकीले न्याले आलो,” ती म्हणाली. “लय दिवस झाले.”

गिरजाबाईंनी तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग विचारलं, वाटेत काही त्रास तर झाला नाही ना? कुंता म्हणाली, नाही. घरचे सगळे बरे आहेत ना? कुंता म्हणाली, सगळे बरे.

“घेऊन जा मंग,” म्हातारी म्हणाली. “पण लवकर धाडजा.”

मी त्यांच्या पाया पडले. मग कुंतानं माझी पिशवी उचलली आणि आम्ही दोघी अंगण ओलांडून स्वयंपाकघरात गेलो. तिथं तिनं मला पाटावर बसवलं. बाराच्या एसटीला अजून तासभर होता, आणि तेवढ्या वेळात तिनं मला काडीही उचलू दिली नाही.