सुक्या मासळीच्या दोन जागा

मित्रांनो, मी एक जुनी मतपेटी आहे. पोलिसांच्या पहाऱ्यात फिरणारी सरकारी पेटी नव्हे. मी ऐरोलीच्या एका मासळी बाजारातल्या बायकांच्या संघटनेची. तळोज्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या कमळाकरने उरलेल्या पत्र्यातून मला घडवलं आणि आपल्या बहिणीला, संघटनेच्या अध्यक्ष विमलबाईंना, आणून दिलं. हिरवा रंग, वर चिठ्ठीपुरती फट, पुढे पितळी कुलूप. पहिल्या निवडणुकीला बायकांनी मला हळदकुंकू वाहिलं, तेव्हा मला फार अभिमान वाटला होता.

समिती पाच जणींची. प्रत्येकीने पाच नावं लिहायची आणि सर्वांत जास्त मतं पडतील त्या पाच जणी निवडून यायच्या. बाजारात शंभरातल्या साठ जणी ओली मासळी विकायच्या, चाळीस जणी सुकी. ओलीवाल्या आपल्याच पाच जणींना मतं द्यायच्या, म्हणून पाचही जागा दर वेळी त्यांच्याच. सुकीवाल्यांच्या चिठ्ठ्या माझ्या पोटात पडायच्या, मोजल्याही जायच्या. वर मात्र कोणी पोचायचं नाही. मला वाटायचं, माझं काम चोख चाललं आहे.

मग बाजाराची नवी शेड बांधायचं ठरलं. समितीने आराखडा पक्का केला. ओल्या मासळीला आत फरशीचे ओटे मिळाले, सुकीला बाहेर गटाराच्या कडेला उघड्यावर जागा. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. ओल लागली की सुक्या बोंबलाला बुरशी धरते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण आराखडा ठरला तिथे ते बोलणारं कोणी बसलेलं नव्हतं.

त्याच सुमाराला निवडणूक आली. वर्षानुवर्षं सुका जवळा विकणारी सगुणा माझ्यासमोर आली आणि नुसतीच उभी राहिली.

"टाक ना चिठ्ठी," विमलबाई म्हणाल्या.

"कशाला टाकू, विमलबाय? आमी टाकतो, पन आमची येक बाय वर जात नाय. आता आमी आमची दुसरी संघटना काढतो."

ती वळली, तिच्यामागे सगळ्या सुकीवाल्या निघाल्या. विमलबाईंनी मतदान थांबवलं आणि मला घरी नेलं.

"बाजार फुटला तर आमचं कोन ऐकनार?" त्या सुनेला म्हणाल्या.

त्यांची सून सुचिता शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. ती म्हणाली, "आई, चाळीस टक्के मतं असतील तर पाचातल्या दोन जागा त्यांच्या व्हायला हव्यात. प्रत्येक गटाने आपली नावं क्रमाने द्यायची. प्रत्येकीने एका गटाला मत द्यायचं. मतं जितकी, त्या प्रमाणात जागा."

"म्हंजे आमच्या दोन जनी घरी बसनार."

"हो. पण बाजार एक राहील."

दुसऱ्या दिवशी विमलबाई स्वतः सगुणाकडे गेल्या. सभेत ओलीवाल्यांनी कुरकुर केली, पण बाजार फुटू नये असं त्यांनाही वाटत होतंच. नवी पद्धत मंजूर झाली. आपल्या गटाच्या नावांत विमलबाईंनी स्वतःचं नाव चौथं घातलं. तीनच जणी वर जाणार, हे त्यांना माहीत होतं.

मतदानाला सगळ्या आल्या. माझं झाकण उघडलं तेव्हा मला धाकधूक होती. मोजणी झाली. तीन जागा ओलीच्या, दोन सुकीच्या. सगुणा निवडून आली होती. विमलबाई खुर्चीवर मागे रेलल्या, पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "सुटलो ग बायांनो. आता चहा सांगा."

नव्या समितीने आराखडा बदलला. आज सुक्या मासळीचे ओटे आत आहेत, वाऱ्याच्या बाजूला. मीही आता निवांत आहे.

मित्रांनो, वर्गात, सोसायटीत किंवा देशात मतं मोजाल तेव्हा हरलेल्यांच्या चिठ्ठ्याही नीट वाचा. मी गंजले तर मला पुन्हा रंग देता येतो. पण आपल्या मताचा उपयोग नाही असं वाटून जो पाठ फिरवतो, त्याला परत आणायला कोणालातरी स्वतःची खुर्ची सोडून उठावं लागतं.